गुबऱ्याचं पथ्य

देवीने दिलेला कौल मी मानला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून मला भाविक म्हणायचं की उद्धट, ते ज्याचं त्याने ठरवावं. लढाईची वर्षं होती ती. दम्याने माझा पिच्छा पुरवला होता. ‘बरी झालीस की ये’ म्हणून सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं, त्याला चार वर्षं होऊन गेली होती. मुरबाडहून धसईला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. थोडी भातशेती, आणि थोरला भाऊ तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. दादा आणि वहिनी मला कधी उणं बोलली नाहीत. पण आजारी माणसाला न बोललेलंही ऐकू येतं. मी रोज देवीला विचारायची, माझं काय चुकलं? ती कधी उत्तर देत नसे, आणि माझा तिच्यावरचा राग वाढत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मुलीचा एक गिनीपिग होता. डॉक्टरांची बदली झाली तेव्हा ते जनावर दादाच्या गळ्यात पडलं, आणि माझं मन रमेल म्हणून दादाने ते माझ्याकडे दिलं. गावात त्याला विलायती उंदीर म्हणत. शेपूट नाही, अंगावर तांबडे-पांढरे ठिपके, आणि माझी चाहूल लागली की शीळ घातल्यासारखा ओरडायचा. मी त्याला गुबऱ्या म्हणू लागले. घरात माझी वाट बघणारं तेवढंच एक होतं.

भातकापणी संपली आणि गुबऱ्याने अंथरूण धरलं. गुडघे सुजले, पाय ओढत चालू लागला, हिरड्यांतून रक्त येई. मी त्याचं काही कमी केलं नव्हतं. वैद्यांनी मला कडक पथ्य घातलं होतं: जुन्या तांदळाचा भात, नाचणीची कोरडी भाकर, कोमट दूध; आंबट, हिरवं, ओलं मात्र काही म्हणता काही नको. हा बिचारा परमुलखातला नाजूक जीव, म्हणून मी त्यालाही आपल्याच ताटातलं पथ्याचं देत होते, आणि तेही मोठ्या निष्ठेने. तीन आठवडे झाले तरी उतार पडेना. शेजारणी म्हणू लागल्या, घरात एक आजारी होतीच, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना.

एका सकाळी दादाने खिशातून लहानशी बाटली काढून फळीवर ठेवली. भुलीचं औषध होतं. कापसावर दोन-चार थेंब टाकून नाकाशी धरलं की झोपेतच जाईल, त्याला काही कळणार नाही, असं तो मला समजावत होता. दादा दुष्ट नव्हता. माझ्यापेक्षा त्याचेच डोळे जास्त भरले होते. “जीव तडफडतोय आणि आपून बघत बसायचं, ह्ये पाप नाय का गो?” असं तो म्हणाला. खरं सांगते, हात लावला की गुबऱ्या कळवळून ओरडायचा तेव्हा, देवी, याला ने, असं मीही मनात म्हटलं होतं. पण बाटली समोर आली आणि मला गुबऱ्या दिसेना, मीच दिसू लागले. बरं न होणारं, कामाचं नसलेलं, दुसऱ्याच्या घरात पडून असलेलं. मी म्हटलं, “उद्या माझ्यासाठीपन आणशील का रे दादा?” तो उठून अंगणात गेला.

वहिनीने मधला मार्ग काढला. गावदेवीला कौल लावू, ती सांगेल ते दोघांनी मानायचं. दुसऱ्या दिवशी टोपलीत गुबऱ्याला घेऊन आम्ही देवळात गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादाने हात जोडून स्पष्ट विचारलं, या जनावराला औषध देऊन मरण द्यावं का? फार वेळ लागला नाही. उजवी कळी पडली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. आणि मी, जिला दहा पावलं चाललं तरी धाप लागायची ती, पुढे झाले, कळी उचलली आणि देवीच्या खांद्यावर परत चिकटवली. गुरव ओरडला. मी देवीकडे बघत म्हटलं, “तुला न्यायचा तर तू ने. आमच्या हातून नाय.” मी पायरीवर येऊन बसले. भीती वाटत होती, पण पश्चात्ताप कणभर नव्हता.

पायरीखाली सिद्धगडाकडच्या वाडीतली एक ठाकर बाई आवळ्यांची पाटी उतरवून विसावली होती. धसईच्या बाजाराला निघाली होती. न विचारताच तिने टोपलीत हात घातला, गुबऱ्याचा ओठ वर करून बघितला आणि मला विचारलं, “खायाला काय देतेस गो बाय ह्याला?” मी अभिमानाने सगळं पथ्य सांगितलं. ती हसली. “ह्यो गवत खाणारा जीव, तू त्याला म्हातारीचा भात चारतेस?” तिने दगडावर आवळा ठेचला, रस त्याच्या तोंडात पिळला, बांधावरची ओली हरळी उपटून टोपलीत टाकली आणि पाटी उचलून चालायला लागली.

ज्या मायेने मी त्याला जपत होते, तीच त्याला मारत होती. हे कळलं तेव्हा मी तिथेच बसून रडले. त्या दिवसापासून त्याला रोज आवळा आणि हरळी देऊ लागले. चार दिवसांत रक्त थांबलं, दादाने बाटली दवाखान्यात परत नेली, पंधरवड्यात गुबऱ्या उभा राहिला. एक पाय कायमचा अधू राहिला. मीही पथ्य सोडलं. दमा काही गेला नाही. त्या बाईला कुणी पाठवलं, की ती आपल्या कामाने आली होती, हा वाद मी घालत नाही. पुढे ती मला बाजारात भेटली, तर तिला आमची आठवणही नव्हती.

गुबऱ्या चालू लागला त्या दिवशी दादा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “तुज्यासाठी ती बाटली कोन कदी आननार नव्हता गो. ह्ये घर तुजं हाय.” चार वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी जीव धरून होते, ते मला तेव्हाच उमगलं.

गुबऱ्या आणखी दीड वर्ष जगला आणि एका दुपारी माझ्या मांडीवर आपणहून गेला. संध्याकाळी मी देवळात गेले. देवीची माफी मी मागितली नाही. तिला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला आणि म्हटलं, बाई, तुझे उपकार आहेत. माझीही वेळ तूच ठरव, मी कुरकुर करणार नाही. पण तोवर मी भांडेन, तेवढं ऐकून घे.