लोहगडावरून दिसणारं गाव

कस्तुराला सासर होतं, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. ती चिखलीची. लग्न होऊन भोसरीत आली, तोवर नवऱ्याचं पवनेकाठचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंही होतं. नवरा भिमाजी एका फाउंड्रीत लागला होता. साच्यांची वाळू चाळायची, ओतलेलं लोखंड निवलं की साचे फोडायचे. भाड्याची एक खोली आणि दोन मुली, एवढा संसार. गावाचा विषय निघाला की तो म्हणायचा, "लोहगडावरनं समदं दिसतं. एकदा दावीन तुला."

सहा वर्षं नुसतं दावीन, दावीनच चाललं. मग १९७९च्या दिवाळीत फाउंड्रीला सुट्टी लागली आणि त्यानं एकाएकी काढलंच.

"उद्या जाऊ. पुन्यांदा जमंल न जमंल."

ओव्हरटाइम करणाऱ्या माणसाला सवड कुठली, म्हणून असं बोलत असेल, असं कस्तुराला वाटलं. मुलींना शेजारच्या ताहेराभाभीकडे ठेवून, भाकऱ्या बांधून घेऊन दोघं सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरली.

भाजे गावातून लेण्यांची वाट वर जाते. आधी लेण्यांतल्या स्तूपापुढं हात जोडावेत, असं तिच्या मनात होतं. "येताना जाऊ," असं म्हणून भिमाजी एका ओट्यावर टेकला. पुढं चढ लागला तसा तो दर वळणाला टेकू लागला. कधी चपलेतला खडा काढायचं निमित्त, कधी बिडीचं. पण बिडी न पेटवताच हातात राहायची. कॉलेजातली पोरंपोरी गाणी म्हणत त्यांना मागं टाकून गेली. कस्तुराला आधी लाज वाटली, मग राग आला.

"आवं, लहानपनी पळत जायचो म्हनून तुमीच सांगता ना?"

भिमाजी पुढच्या दगडावर टेकला.

गडाखालच्या वाडीत चिमाबाई नावाची एक म्हातारी झाडाखाली ताक विकत बसली होती. भिमाजी तिच्यापुढं मटकन बसला. ओठ काळेनिळे पडलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. म्हातारीनं ताक दिलं. एकेका घोटामागं त्याला थांबावं लागत होतं, ते पाहिलं आणि कस्तुराला बाजूला नेलं.

"काय काम करतो गं ह्यो?"

"फाउंड्रीत हाय. वाळूत."

"माझा भाऊ दगडाच्या खाणीत व्हता. असाच धापा टाकायचा. धुरळा आत बसतो बाई, त्यो निघत न्हाई."

"बिडीचा खोकला हाय त्यो."

"आमीबी तेच म्हनायचो," चिमाबाई म्हणाली.

कस्तुरा परत आली. तिचं तोंड पाहूनच भिमाजी समजला.

"डाक्टरनं सांगितलंय मला," खाली बघत तो म्हणाला. "पावसाच्या आधीच. काम सोड म्हनला. सोडून खायचं काय?"

"आन् मला सांगावं वाटलं न्हाई?"

"सांगून काय केलं असतंस? रडली असतीस." त्यानं दम घेतला. "आता वर जा तू. गडावरचा दर्गा वलांडून पल्याडच्या कड्यावर उभी ऱ्हा. वढा खाली येतो, थितं दोन चिंचा हायेत. चिंचंखाली आपलं घर."

"तुमाला हितं टाकून?"

"जा म्हनतो ना. इथवर आलोय कशापायी?"

ती गेली. दगडी पायऱ्या, वळणावर वळण, एकामागून एक दरवाजे. लोक बुरुजावर चढून फोटो काढत होते, तटाला हात लावून पाहत होते. कस्तुरानं कशाकडंच पाहिलं नाही. भराभरा चढत ती एकदाची कड्यावर पोचली.

पावसाळा नुकताच सरला होता. धरण काठोकाठ भरलेलं. ओढा नाही, चिंचा नाहीत. डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं निळंशार पाणी उन्हात चमकत होतं. "काय सुंदर तळं आहे!" शेजारची एक पाहुणी बाई नवऱ्याला म्हणाली. कस्तुरा तिथंच खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली.

ती उतरून आली तेव्हा भिमाजी झाडाला टेकून वाट पाहत होता.

"दिसलं?"

खोटं बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं पुढचं विचारलं असतं तर?

"पानी हाय. नुसतं पानी."

"उन्हाळ्यात यायला पायजे व्हतं. पानी उतरतं तवा. ध्यानातच न्हाई आलं माज्या." मग हळूच म्हणाला, "आईला थितंच पुरलंय."

उतरताना लेण्यांची आठवण दोघांपैकी कुणीच काढली नाही.

सुट्टी संपताच तो पुन्हा वाळूत उभा राहिला. होळीच्या सुमाराला त्याला चाळणी उचलेना. तो कायम झालेला नव्हता, त्यामुळं नाव काढून टाकायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. आषाढात तो दवाखान्यातच वारला. शेवटचे दिवस बसूनच काढले त्यानं. आडवं झालं की जीव घुसमटायचा.

कस्तुरा तीन-चार वर्कशॉपच्या दारांत जाऊन आली. शेवटी काम मिळालं ते त्याच फाउंड्रीत, त्याच वाळूपाशी. पहिल्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून नाकातोंडावर बांधला.

"काय बाई, दरोडा घालायला आलीस का?" मुकादम सयाजी हसला.

उरलेलं फडकं मधोमध फाडून तिनं शेजारी वाळू चाळणाऱ्या दोघींपुढं धरलं. एकीनं मुकाट्यानं बांधलं. दुसरीनं ते कमरेला खोचलं आणि चाळणी हलवायला लागली.