काशीनाथअण्णांनी अडवलेला रिपोर्ट

माझा कॅन्सरचा रिपोर्ट अडवून धरणारा माणूस आज सकाळी गेला.

काशीनाथअण्णा. बिदरच्या एका छोट्या लॅबमधले टेक्निशियन.

त्यांना मी तेव्हा काय काय बोलले, ते आठवलं की आजही लाज वाटते.

छातीतली गाठ काढून झाली होती. पुढचं औषध एका टेस्टवर अडलं होतं. गाठीत एक प्रोटीन आहे का, ते बघायचं. काचेवरच्या तुकड्यावर अँटिबॉडी टाकतात. प्रोटीन असलं तर ती त्याला चिकटते आणि शेवटी तपकिरी रंग येतो.

रंग आला तर त्या प्रोटीनवरचं खास औषध मिळणार. नाही आला तर नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी लॅबच्या दारात.

"अण्णा, रिपोर्ट?"

"निगेटिव्ह आलाय. पण देत न्हाई."

"कामून?"

"कंट्रोलला बी रंग न्हाई, अक्का."

कंट्रोल म्हणजे दुसऱ्या गाठीची काच. तिच्यात प्रोटीन आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून ती तपकिरी व्हायलाच पाहिजे. तीही कोरी होती, म्हणजे टेस्टच फसली होती.

मला यातलं काय कळतंय! निगेटिव्ह म्हणजे चांगलंच, एवढंच डोक्यात. भडकलेच मी. "माझ्या जिवाशी खेळायलाव का तुम्ही?"

अण्णांनी मान खाली घातली. "चूक माझी हाय."

खंडेनवमीच्या आयुधपूजेला त्यांनी फ्रिज बंद करून पुसला, कुंकू लावलं, हार घातला. बाटल्या परत आत ठेवल्या. अँटिबॉडीची कुपी तेवढी टेबलावर झेंडूच्या ढिगामागं राहिली; ती थंडीत नसली की खराब होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. नंतर सापडली तेव्हा "एवढ्यानं काय होतंय" म्हणून त्यांनी ती फ्रिजात ठेवली, आणि माझ्या टेस्टला तीच वापरली.

अण्णा गप्प बसले असते तर मी तो कागद घेऊन खुशीत घरी गेले असते.

लॅबच्या डॉक्टर मॅडमना त्यांनी माझ्यासमोर सगळं सांगितलं. मॅडम अशा बोलल्या की मलाच कसंतरी झालं. अण्णा दुसऱ्या दिवशी बसनं हैदराबादला गेले, आणि नवी कुपी बर्फाच्या डब्यात, मांडीवर धरून घेऊन आले.

या वेळी दोन्ही काचा तपकिरी.

"बघा अक्का, ह्यो तुमचा रंग. आता औषध मिळतंय."

मायक्रोस्कोपला डोळा लावून मी ढसाढसा रडले. काही दिसलं नाही.

औषध मिळालं. मी जनवाड्याच्या शाळेत आजही फळ्यापाशी उभी आहे.

दर आयुधपूजेला मोबाइलवर अण्णांकडून फोटो यायचा. फ्रिजला हार, कुंकू, शेजारी चालू बटन. खाली एक ओळ: "बंद केला न्हाई, अक्का!"

मी माफी मागायला गेले की म्हणायचे, "बरोबरच बोललाव की. आता चहा घ्या."

आज नौबादला त्यांच्या घरी गेले. हार झेंडूचाच नेला.

अण्णा, तुम्ही चूक झाकली नाही, म्हणून मी आज तुमच्या दारात उभी राहू शकले.

हात जोडते. शरणु शरणार्थी, अण्णा.