कासरा ओढावा तसा दांडा

मैत्रिणींनो, आज पेडगावच्या माळावर माझा धाकटा भाऊ शंकर त्यानं घरीच बांधलेल्या विमानातून उडाला.

विमानाचं इंग्रजी पुस्तक मीच त्याला वाचून दाखवलं होतं. "वेग घटला की पंख दगा देतात. तेव्हा सुकाणूचा दांडा ओढू नको, पुढं ढकल."

"अक्का, बी.ए. झालीस म्हणून मला हाकायला शिकवायलीस का?"

वळताना विमान मंदावलं, डगमगलं. खालून बाबा दोन्ही हात छातीशी ओढत ओरडले, "वढ, शंकऱ्या, वढ!" बुजल्या बैलाचा कासरा ओढावा तसा त्यानं दांडा ओढला. विमान दगडासारखं कोसळलं.

शंकर गेला.

बाबा सारखं विचारायलेत, "पोरानं माझं ऐकून वढलं न्हाई, म्हणूनच पडलं ना गं?"

त्यानं ऐकलं होतं. हे मी बाबांना सांगू का?