बंगळूरचं ऊन

भिजलेल्या नाचणीचा आंबूस वास आला की पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीतली ती सकाळ आठवते. मी घरून काम करायला नुकताच आलो होतो आणि लिनक्सवर ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन काही केल्या लागत नव्हतं. एकदाचं ते लागलं, तेवढ्यात आई दारात आली. "आंबेनळीच्या घाटाकडं काळं दिसतंय रे. नाचणी घालू का वाळत?" मी हवामानाचं पान उघडलं आणि मान न वळवता म्हणालो, "दिवसभर ऊन आहे, घाल." तिने अंगणभर नाचणी पसरली आणि ती गुरांमागे रानात गेली. दुपारी पाऊस कोसळला. कानाला हेडफोन लावून मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर आलो तेव्हा निम्मी नाचणी वाहून गेली होती. परत येऊन पाहिलं, तर हवामानाच्या पानावर गावाचं नाव होतं बंगळूर. व्हीपीएनमुळे कंप्युटर स्वतःला ऑफिसच्या गावातच समजत होता. उरलेली नाचणी सुपात भरताना आई म्हणाली, "तू बरोबरच सांगितलंस, आभाळच फिरलं. त्याला कोण काय करनार?" मी आत जाऊन ते पान बंद करून टाकलं. अजूनही ती मलाच विचारते. मी कंप्युटर बघतो म्हणून आत जातो आणि मागच्या दाराने बाहेर पडून आंबेनळीकडे बघून येतो.