राजाची एक उडी

सासऱ्यांना मी मामा म्हणते. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस कुणाला भीत नाही, पण लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना बुद्धिबळात हरवलं आणि त्यांनी पटच गुंडाळून माळ्यावर टाकला. कारण काय, तर मी देशी नियमांनी खेळले नाही. त्यांच्या देशी खेळात राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. मी शिकले सांगलीतल्या स्पर्धांमध्ये. तिथं राजानं उडी मारली तर पंच हाकलूनच देतील! तासगावच्या आमच्या घरात दुसरं कुणी खेळणारं नाही. नवऱ्याला उंटाची चाल शिकवून शिकवून मी हात टेकले. पटाशिवाय मला करमत नव्हतं, अगदी रडू यायचं.

यंदा जगज्जेतेपदाची लढत पुन्हा त्याच दोघांत लागली. गेल्या वेळी किताब गमावलेला जुना विजेता तो परत घ्यायला आला होता. मी मोबाइल बेदाण्याच्या शेडमध्ये पेटीला टेकवून लावला, मुद्दाम मामांना दिसेल असा. आधी ते लांबून, जाळीवरची द्राक्षं चाचपत बघायचे. मग खुर्ची जवळ आली. मग चहाही तिथंच. ते जुन्या विजेत्याच्या बाजूनं, म्हणून मी नव्याच्या.

शेवटच्या डावाला दोघांचे गुण सारखे. बेदाणे निवडायचं मी केव्हाच सोडलं होतं. जुन्याचा राजा कोपऱ्यात कोंडला, समोरून हत्ती चालून आला, आणि मामा खुर्चीवरून ताडकन उठले.

"उडी मार की रं! अजून शह बसला न्हाई तुला!"

"आवं मामा, तिथं उडी नसते," मी हसून हसून बेजार.

"मग काय मरायचं व्हय त्यानं?"

थोड्याच वेळात जुन्यानं डाव सोडला आणि हात पुढे केला. मला वाटलं, आता तरातरा निघून जाणार. पण तो बसूनच राहिला. दोघं मिळून मोहरे मागे नेऊन कुठं चुकलं ते बघायला लागले, हसतसुद्धा होते.

"दुसऱ्यांदा हरला," मामा म्हणाले, "तरी पटावरनं उठला न्हाई गडी."

आणि ते घरात गेले. परत आले ते डोक्यावर माळ्याची धूळ आणि काखेत पट घेऊन.

"मांड, पोरी. तुझ्या पद्धतीनं. पर एक उडी मला पायजे."

"दिली!"

डाव लय रंगला. शेवटी त्यांचा राजा अडचणीत आला आणि मी उडीची वाट बघत थांबले. मामांनी राजा उचलला, उडीच्या घरावर धरला, माझ्याकडे बघितलं आणि तो परत जागेवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि शेजारचं प्यादं सरकवलं.

पुढच्याच चालीत मी मात केली. त्यांनी फौजी थाटात ताठ हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"सोड आता," मामा म्हणाले, "परतीचा डाव मांडायचाय."