समीरसाठी म्हणे!

माझा धाकटा भाऊ समीर गेल्या महिन्यात गेला. तो कॉम्प्युटरवरच्या शूटिंग गेमच्या टीमचा कॅप्टन होता. आज घाटकोपरला त्याच्या टीमची सेमीफायनल होती. सगळ्यांच्या टी-शर्टवर त्याचा फोटो.

समीरचा नियम होता, गेममधले पैसे संपत आले की पाचही जणांनी एक फेरी साध्या पिस्तुलावर काढायची. मग पुढच्या फेरीत सगळ्यांना चांगल्या बंदुका घेता येतात.

आज पैसे संपत आले तेव्हा टीममधल्या रोहनने एकट्यानेच महागडी बंदूक घेतली, "समीरसाठी!" म्हणून ओरडला आणि लगेच बाद झाला. पुढच्या फेरीत चौघांकडे बंदुका, याच्याकडे पिस्तूल. हरले.

बाहेर मला म्हणतो, "ताई, समीरसाठी खेळलो ना आम्ही. एक सेल्फी?"

"समीरने तुला टीममधून काढलं असतं रे," मी म्हटलं.

तरी त्याने इन्स्टावर "समीरसाठी" म्हणून स्टोरी टाकलीच आहे. कृपया मला पाठवू नका.