स्टार्टर दुसऱ्याच्या वावरात

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल हाय म्हनला तुमी, आन् त्या दिवसापासून मी माहेरी हाय," मनीषा म्हणाली.

मी नगरच्या एका हॉस्पिटलात जेनेटिक कौन्सेलर आहे. म्हणजे आनुवंशिक आजारांचे रिपोर्ट घरच्यांना समजावून सांगते. मनीषा पारनेरकडची. तिच्या दोन वर्षांच्या सईच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मापासूनच नाही. उन्हात पोर डोळे उघडत नाही. हा पडदा घडवणारा जीन आम्ही अक्षर न् अक्षर तपासला. चूक सापडली नाही. मी तिच्या सासूबाईंना सांगून टाकलं, "जीन नॉर्मल आहे." त्यांनी भलताच अर्थ काढला. रक्तात दोष नाही, म्हणजे पोटुशी असताना सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, तेच भोवलं!

"सईचे पप्पा न्यायला येत्याल म्हनून पिशवी भरूनच ठेवलीय," ती म्हणाली. मला माझ्याच जिभेचा राग आला.

लॅबच्या सरांना फोन लावला. "सर, पुन्हा बघू या. या वेळी जीनच्या आजूबाजूला."

"रिपोर्ट क्लोज झालाय हो."

"बाई माहेरी बसलीय, सर."

"बरं. आईवडलांचीही सॅम्पल आहेत फ्रीजरमध्ये. तिन्ही तपासायला लावतो."

या वेळी सापडलं. सईच्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा जोडला गेला होता. जीन शाबूत होता, पण त्याला चालू करणारा भाग, एन्हान्सर, त्या तुकड्याबरोबर भलतीकडे गेला होता. तो एरवीही जीनपासून लांबच असतो. मधला डीएनएचा धागा वळतो आणि दोघांची गाठ पडते. जागा बदलली की गाठ पडत नाही. आईवडलांत हा बदल नव्हता; तो सईतच नव्यानं झाला होता.

मनीषाला कागदावर चित्र काढून दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"म्हंजी मोटर चांगली हाय, पन स्टार्टर दुसऱ्याच्या वावरात गेला."

"अगदी तसंच."

"आन् ग्रहन?"

"त्याचा काडीचा संबंध नाही. तुझी काही चूक नाही."

ती रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हेच मराठीत लिवून द्या. शिक्क्यासकट."

दिलं.

तीन महिन्यांनी ती सईला टोपी घालून तपासणीला आली. मी तिच्या मागे दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"सासूबाईंचा फोन आल्ता," ती म्हणाली. "सईला उन्हात टोपी घालती का, इचारलं. ग्रहनाचं नाव न्हाई काढलं."

"आणि न्यायला?"

"येत्याल की. पिशवी अजून रिकामी केली न्हाई मी."

तेव्हापासून मी 'नॉर्मल' म्हणत नाही. 'एवढंच तपासलं, त्यात सापडलं नाही,' असं म्हणते. वाक्य लांबतं. लांबू दे.